वापरलेली जपानी सुरी विकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 240 मिमीची ग्युतो (स्वयंपाकघरातली सर्वसाधारण वापराची जपानी सुरी) काही वर्षे वापरली आहे. ती आता दुसऱ्या एखाद्या शौकिनाला विकायची आहे. वर्णनात काय लिहावे?

उत्तर : 'उत्तम स्थितीत' हे शब्द वगळून जे जे मोजता येईल ते सर्व लिहावे. जाणकार खरेदीदाराला मुख्यतः पोलाद किती शिल्लक आहे हे जाणून घ्यायचे असते, कारण दगडावर धार लावत गेले की पात्याची उंची कमी होते आणि धार पात्याच्या जाड भागाकडे सरकते. अशी सुरी कागद सहज कापते, पण गाजरात शिरताना पाचरीसारखी अडते. म्हणून टाचेपासून (धारेच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंतची लांबी, टाचेपाशी पात्याची उंची, मुठीलगत पाठीची जाडी आणि वजन ही मापे द्यावीत. सुरी नवी असताना उंची 50 मिमी होती आणि आज 47 भरते, हे एक वाक्य दहा छायाचित्रांपेक्षा जास्त सांगते. लांबी कोठून मोजली तेही लिहावे, कारण काही निर्माते टाचेपासून मोजतात, तर काही थेट मुठीपासून, आणि या फरकावरून विनाकारण वाद होतात.

छायाचित्रांपैकी एक टाचेच्या बाजूने, पात्याच्या लांबीच्या दिशेत घेतलेले असावे, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत पाते कसे निमुळते होत गेले आहे ते दिसते. धारेला कोठे खांडा पडला असेल, टोक तुटल्यावर पुन्हा घडवले असेल किंवा पाते पातळ करून घेतले असेल, तर तेही सांगावे. पाते नीट पातळ केलेले असणे हा दोष नाही, उलट अनेकांना ते हवेच असते. ते लपवणे मात्र दोष आहे.

प्रश्न : विकण्याआधी धार लावून द्यावी का? माझ्याकडे एक यानागिबाही (कच्च्या माशाचे काप करण्याची लांब सुरी) आहे.

उत्तर : ग्युतो किंवा सांतोकूसारख्या दुहेरी धारेच्या, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू घासून धार काढलेल्या, सुरीवर, हात बसलेला असेल तर, बारीक दगडाचे चार हात फिरवावेत आणि थांबावे. घेणारा शौकीन बहुधा स्वतःच्या कोनात धार पुन्हा लावणारच असतो. पट्टा-यंत्रावर धार लावून घेण्याचा मोह मात्र टाळावा. तेथे पाते तापले तर धारेचा कठीणपणा जातो, आणि बाहेरून पाहून ते कळतही नाही.

यानागिबा, देबा आणि उसुबा यांची गोष्ट वेगळी आहे. या एकेरी धारेच्या, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेल्या, सुऱ्यांची मागची बाजू, म्हणजे उरा, किंचित खोलगट असते आणि दगडाला तिची फक्त अरुंद कड टेकते. ही बाजू उत्साहाने घासत राहिले की कड रुंदावते, खोलगटपणा उथळ होतो, आणि तो पुन्हा कोरून घेणे हे धार लावणाऱ्या अनुभवी कारागिराचेच काम असते. पुढच्या बाजूची शिनोगी रेषाही, म्हणजे धारेकडचा उतार जेथे सुरू होतो ती कड, चुकीच्या हातात गोलावते. तेव्हा आपल्याला खात्री नसेल तर यानागिबा बोथट असली तरी तशीच विकावी आणि उराचे स्पष्ट छायाचित्र द्यावे. अनुभवी गिऱ्हाईक बोथट सुरी आनंदाने घेते, बिघडवलेली घेत नाही.

प्रश्न : पाते निळसर-करडे झाले आहे. घासून चकचकीत करावे का?

उत्तर : नाही. कार्बन पोलादावर वापराने येणारा तो थर लाल गंजापासून थोडेफार संरक्षणच करतो. लाल गंज मात्र काढावा, आणि त्याखाली खड्डे राहिले असतील तर ते धारेपासून किती दूर आहेत ते लिहावे. पाठीजवळचा खड्डा फक्त डोळ्यांना खुपतो, पण धारेजवळचा पुढे कधीतरी थेट धारेवर येतो.

प्रश्न : पात्यावरची अक्षरे मला वाचता येत नाहीत. विकत घेताना 'साकाईची, शिरोगामी', म्हणजे जपानमधल्या साकाई शहरातली आणि शिरोगामी नावाच्या कार्बन पोलादाची, असे सांगितले होते. तसेच लिहू का?

उत्तर : 'असे सांगितले गेले होते' एवढेच लिहावे आणि अक्षरांचे छायाचित्र द्यावे, वाचणारे वाचतील. साकाईत पाते घडवणारा, धार लावणारा आणि मूठ बसवणारा हे परंपरेने वेगवेगळे कारागीर असतात, आणि पात्यावर अनेकदा विक्री करणाऱ्या पेढीचे नाव कोरलेले असते. त्यामुळे कोरलेले नाव घडवणाऱ्याचेच असेल असे गृहीत धरू नये. पोलाद तर नुसते पाहून ओळखताच येत नाही. ओल्या पात्यावर लवकर डाग पडले तर ते कार्बन पोलाद असावे एवढे म्हणता येते, पण ते शिरोगामी आहे की आओगामी हे दुसरे कार्बन पोलाद, हे सांगायला मूळ डबा किंवा पावती लागते. चुंबकाची चाचणीही निरुपयोगी आहे, कारण व्हीजी-10 सारखे न गंजणारे पोलादही चुंबकाला चिकटते. होन्याकीचा, म्हणजे संपूर्ण पाते एकाच पोलादाचे असल्याचा, दावा तर पुराव्याशिवाय करूच नये, कारण त्या एका शब्दाने किंमत पुष्कळ चढते.

प्रश्न : किंमत कशी ठरवावी?

उत्तर : तीच सुरी आज नवी मिळत असेल, तर तिची किंमत, वाहतूक आणि आयातशुल्क धरून खरेदीदाराला जो खर्च येईल, त्याच्या बऱ्याच खाली सुरुवात करावी. आपण दगडांवर, म्यानावर किंवा नव्या मुठीवर केलेला खर्च क्वचितच वसूल होतो. घडवणारा कारागीर निवृत्त झाला असेल तर हे गणित बदलते, पण तेव्हाही उरलेली उंची पाहिलीच जाते.

प्रश्न : सुरी पाठवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : पात्याला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि धारेवर जाड पुठ्ठ्याची घडी चढवून ती चिकटपट्टीने बांधावी, मात्र पट्टी पात्याला चिकटू देऊ नये. नुसत्या लाकडी म्यानावर विसंबू नये, कारण तिची खुंटी वाटेत निसटते. सर्वाधिक मोडते ते टोक. म्हणून त्याच्यापुढे मोकळी जागा सोडावी आणि मूठ डब्यातच घट्ट बांधून सुरी पुढे सरकणार नाही असे पाहावे. डबा बंद करण्यापूर्वी पाते पाठीकडून रेषेत धरून एक छायाचित्र काढून ठेवावे. 'पाते वाकडे आले' अशी तक्रार आली, तर वाक आधीचा की वाटेतला हे त्यावरूनच ठरवता येते.