समुद्र किती वाढणार हे परिषदेत हात वर करून ठरवतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुद्रपातळीच्या अंदाजांवर शास्त्रज्ञांच्या परिषदा होतात, तिथे सगळे मिळून एक आकडा ठरवतात का? आणि दर अहवालात आकडा बदलत असेल, तर रेवदंड्याच्या तुमच्या वाडीसाठी कुठला धरायचा?

मी शास्त्रज्ञ नाही, किनारी बांधकामातली अभियंता आहे. पण जुलै २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या विषयावर जागतिक परिषद झाली, तिला एक पोस्टर घेऊन गेले होते. अशीच एक आधी २००६ मध्ये पॅरिसला झाली होती आणि नंतर २०२२ मध्ये सिंगापूरला. जाताना माझ्याही डोक्यात तुमचाच प्रश्न होता. धक्क्याची उंची ‘साधारण’ या शब्दावर बांधता येत नाही, आम्हाला आकडा लागतो.

पाच दिवसांत कुणीही तो दिला नाही. पहिले दोन दिवस मला त्याचा रागच आला.

मग लक्षात आलं की बऱ्याचशा गोष्टींवर तिथे वाद नव्हताच. पाणी तापलं की फुगतं, हे समुद्रभर सोडलेल्या हजारो आर्गो तरंगयंत्रांनी मोजलेलं आहे. डोंगरातल्या हिमनद्या किती झिजल्या तेही ठाऊक आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ तर २००२ पासून ग्रेस नावाच्या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून अक्षरशः तोलला. १९९२ पासून समुद्राची उंचीही उपग्रहांवरून मोजली जाते. घरखर्चाच्या वहीत जमा आणि खर्च पडताळावा तसा हा हिशेब ही मंडळी जुळवत असतात, आणि तो बऱ्यापैकी जुळतो. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वर आली. २००६ ते २०१८ मध्ये हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, म्हणजे १९०१ ते १९७१ मधल्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट.

खरी वादावादी होती ती अंटार्क्टिकावर. योगायोग असा की त्याच आठवड्यात, बुधवारी १२ जुलैला, बातमी आली: लार्सन सी या तरंगत्या हिमपट्ट्याचा ५,८०० चौरस किलोमीटरचा तुकडा तुटला. आपल्या गोव्याची दीडपट! चहाच्या सुटीत जो तो फोनमध्ये डोकं खुपसून. मला वाटलं, आता मोठा गहजब होणार. शेजारी उभे असलेले एक बर्फतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, तो आधीपासून पाण्यावरच तरंगत होता, सरबतातला बर्फ वितळला म्हणून पेला भरून वाहत नाही. त्यांना काळजी होती ती मागे जमिनीवर टेकलेल्या बर्फाची. समोरचा तरंगता बर्फ त्याला अडसरासारखा थोपवून धरतो. अडसर गेला की मागचा किती वेगाने घसरेल, हा प्रश्न.

त्याच्या वर्षभर आधी, २०१६ मध्ये, डिकाँटो आणि पोलार्ड या दोन शास्त्रज्ञांचा पेपर आला होता. त्यांचं म्हणणं असं: अडसर नाहीसा झाला आणि पाण्यावर साधारण शंभर मीटर उंचीचा बर्फाचा उघडा कडा उभा राहिला, तर तो स्वतःच्याच वजनाने ढासळतो. पश्चिम अंटार्क्टिकात तळ आतल्या बाजूला खोल होत जातो, म्हणजे मागून उघडा पडणारा कडा आणखी उंच. तोही पडतो. हे चक्र सुरू झालं, तर हवेतलं कार्बन प्रदूषण बेसुमार वाढत राहिल्यास एकट्या अंटार्क्टिकातून २१०० पर्यंत मीटरभराहून जास्त पाणी येईल, असं त्यांच्या मॉडेलने काढलं. परिषदेत या पेपरचं नाव निघालं की आवाज चढायचे. एक बाजू म्हणे, भौतिकशास्त्र पटण्यासारखं आहे. दुसरी म्हणे, असे कडे सलग कोसळत गेलेले पाहिलेत कुणी? पुढे २०२१ मध्ये डिकाँटो यांच्याच सुधारित कामात तो आकडा बराच खाली आला.

हात वर करून ठरवतात का, या तुमच्या शंकेच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार यानंतरचा. मॉडेलं हात टेकतात तिथे जाणकारांना विचारायचं, पण सगळ्यांचं मत सारखं धरायचं नाही. २०१८ मध्ये जोनाथन बांबर या बर्फतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २२ बर्फतज्ज्ञांना दोन बैठकांत, एकदा अमेरिकेत आणि एकदा ब्रिटनमध्ये, बसवलं. आधी त्यांची परीक्षा घेतली. विचारणाऱ्यांना उत्तरं माहीत असलेले, पण या तज्ज्ञांना तिथल्या तिथे आठवणार नाहीत असे बर्फाविषयीचेच प्रश्न. प्रत्येकाने एकच आकडा द्यायचा नाही. मधला द्यायचा, आणि ‘याच्या खाली बहुधा जाणार नाही, याच्या वर बहुधा जाणार नाही’ अशी दोन टोकंही. ज्याच्या टोकांच्या आत खरं उत्तर वेळोवेळी सापडलं, त्याच्या भविष्याच्या अंदाजाला जास्त वजन. ज्याने अंगावर यायला नको म्हणून टोकं वाटेल तेवढी लांब ठेवली, त्याचं वजन कमी. आणि फाजील आत्मविश्वासाने ती अगदी अरुंद ठेवणाराही मार खातो. मोठं नाव असून परीक्षेत मागे पडणं या पद्धतीत सहज घडतं, आणि मला तरी तेच तिचं सौंदर्य वाटतं. आपल्याकडे खात्यातल्या बैठकांत ही परीक्षा सुरू केली तर किती जण बसायला तयार होतील, देव जाणे.

त्यांचं उत्तर २०१९ मध्ये छापून आलं. शतकअखेर तापमान ५ अंशांनी वाढलं तर समुद्र एकूण १११ सेंटिमीटर, हा मधला अंदाज. पण वरचं टोक २३८ सेंटिमीटर, आणि त्याच्याही पुढे जाण्याची शक्यता विसात एक. मधला आकडा घराघरात चर्चेला, वरचं टोक बंदर बांधणाऱ्याला.

आकडे बदलतात त्याचं कारणही इथेच आहे. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, तिच्या २००७ च्या अहवालात शतकअखेरपर्यंत १८ ते ५९ सेंटिमीटर असं होतं, पण बर्फ वेगाने घसरण्याचा कप्पा त्यांनी त्यात धरलाच नव्हता, आणि तसं लिहिलंही होतं. बातम्यांत तेवढं वाक्य गळलं. २०२१ च्या अहवालात, प्रदूषण बेसुमार वाढण्याच्या सगळ्यात वाईट वाटेसाठी, ६३ ते १०१ सेंटिमीटर आहे, आणि वेगळ्या ओळीत असंही, की २ मीटरच्या जवळपास जाणं नाकारता येत नाही.

आणखी एक गंमत. बर्फाच्या प्रचंड राशीला स्वतःचं गुरुत्वाकर्षण असतं, ती आजूबाजूचं पाणी आपल्याकडे ओढून धरते. ग्रीनलंड वितळलं की त्याच्या जवळचा समुद्र चक्क खाली जातो आणि दूरच्यांच्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडं जास्त येतं. आपण दोन्ही मोठ्या राशींपासून दूर. म्हणून जागतिक आकडा जसाच्या तसा मुंबईला लावू नये. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासूनच्या भरतीच्या नोंदी आहेत. इतक्या जुन्या नोंदी हिंदी महासागरात फार थोड्या ठिकाणी. त्यांवरून निघणारी वाढ वर्षाला जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अलीकडच्या जागतिक वेगाहून बरीच कमी. पण ती शतकाहून जास्त काळाची सरासरी आहे, तिच्यावर विसंबून पुढची पन्नास वर्षं मोजू नका.

आता तुमची वाडी. २०५० पर्यंतचा विचार करत असाल तर प्रदूषण घटलं काय नि वाढलं काय, फारसा फरक पडत नाही. जागतिक वाढ १५ ते २९ सेंटिमीटरमध्ये येते. अंटार्क्टिकाचं भांडण त्यापुढच्या काळाचं. वीतभर पाणी म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण आजचं मोठं उधाण जिथे थांबतं तिथून ते वीतभर वर चढणार, आणि सपाट वाडीत वीतभर उंची म्हणजे बरीच पावलं आत.

नवं घर बांधत असाल तर जोतं उंच घ्या, मी स्वतः हातभर तरी जास्त घेईन. गडग्याला पक्का बांध घालण्याची घाई नको. तो नंतर वाढवता येईल अशा पायावर घाला. लंडनचा थेम्सच्या पुराचा आराखडा मोठ्या प्रमाणावर असाच आहे: एका आकड्यावर पैज लावायची नाही, पातळी ठरलेल्या खुणेला पोचली की पुढचं काम हाती घ्यायचं.

तशी खूण तुम्हीही करा. या पावसाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाला पाणी कुठवर आलं तिथे दगडावर रंगाने रेघ आणि वर्ष. शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी ते कुठवर यायचं. आणि उन्हाळ्यात वाडीतली विहीर चाखून बघत जा. रेघ हलायच्या आधीच पाणी मचूळ लागायला लागेल, असा माझा अंदाज आहे.