लॉर्ड गॉर्डन निर्दोष कसा सुटला?

प्रश्न : 1780 साली लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध उसळलेल्या दंगली लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या नावाने ओळखल्या जातात. मग तोच न्यायालयातून निर्दोष कसा सुटला? सरदारपुत्र म्हणून त्याला झुकते माप मिळाले काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घराण्याचा त्याला उपयोग झाला हे खरे. तो गॉर्डनच्या ड्यूकचा तिसरा मुलगा; नौदलात मनासारखी बढती न मिळाल्याने त्याने ती नोकरी सोडली आणि 1774 मध्ये लडगर्शल या मूठभर मतदारांच्या मतदारसंघातून, प्रत्यक्षात दुसऱ्याच्या पैशाने, तो कॉमन्स सभागृहात आला. पण त्याच्या सुटकेचे मुख्य कारण निराळे आहे. सरकारने त्याच्यावर जो आरोप ठेवला, तो सिद्ध होण्याजोगा नव्हता.

1778 च्या कायद्याने कॅथलिकांवरचे काही जुने निर्बंध उठले. राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्याला जमीन विकत घेता येऊ लागली, वारसाहक्क मिळू लागला आणि कॅथलिक शाळा चालवणाऱ्यामागचा जन्मठेपेचा धाक गेला. यामागे निव्वळ उदारपणा नव्हता, अमेरिकेतील युद्धासाठी सैनिक हवे होते. (त्याच वर्षांत कंपनीची फौज इकडे मराठ्यांशीही झुंजत होती.) हा कायदा स्कॉटलंडला लावण्याचा बेत मात्र 1779 मध्ये एडिंबरा आणि ग्लासगो येथील दंग्यांमुळे सरकारने सोडून दिला. माझ्या मते पुढच्या अनर्थाचे बीज याच माघारीत होते, कारण दांडगाई केली की कायदा मागे घेतला जातो, असा धडा त्यातून सर्वांना मिळाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस गॉर्डन, 1778 चा कायदा रद्द करा अशी मागणी करणाऱ्या प्रोटेस्टंट असोसिएशन या संघटनेचा अध्यक्ष झाला. 2 जून 1780 रोजी निळ्या फितीची फुले टोपीला लावलेले सुमारे पन्नास हजार लोक या मागणीचा अर्ज देण्यासाठी त्याच्यामागे संसदेवर चालून आले. आत चर्चा चालू असताना तो अधूनमधून बाहेर येई आणि कोणता सदस्य विरोधात बोलत आहे हे जमावाला सांगे. त्याच्या सर्व वर्तनात ही गोष्ट सर्वांत निंद्य वाटते. अर्जाचा तत्काळ विचार करावा, हा त्याचा प्रस्ताव 192 विरुद्ध 6 मतांनी फेटाळला गेला. त्या रात्री सार्डिनिया आणि बव्हेरिया या कॅथलिक राज्यांच्या वकिलातींची प्रार्थनागृहे जमावाने उद्ध्वस्त केली. पुढे न्यूगेटचा तुरुंग, न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांचे घर व ग्रंथसंग्रह आणि हॉबर्नमधील एका कॅथलिक व्यापाऱ्याची दारूची भट्टी आगीत गेली. बँक ऑफ इंग्लंडवरही हल्ला झाला. एव्हाना सूत्रे गॉर्डनच्या हातात राहिली नव्हती. 7 जूनला तर तो राजाला मदत देऊ करण्यासाठी राजवाड्यावर गेला, पण त्याला भेट नाकारण्यात आली.

फेब्रुवारी 1781 मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि न्यायासनावर होते, ज्यांचे घर जळाले तेच मॅन्सफील्ड. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे म्हणजे राजद्रोह, ही व्याख्या 1351 च्या कायद्यातली होती. जमाव जमवून संसदेला धाक घालणे हेही युद्धच, असा सरकारचा युक्तिवाद होता. बचावाचे वकील टॉमस अर्स्किन यांनी मुद्दा हेतूवर आणला. अर्ज देण्यासाठी लोक जमवणाऱ्याला ही जाळपोळ घडवायचीच होती, असे दाखवणारा पुरावा कोठे आहे, या प्रश्नाला सरकारपाशी समाधानकारक उत्तर नव्हते आणि ज्यूरीने त्याला सोडले. बेकायदा जमाव जमवल्याचा हलका आरोप ठेवला असता, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

पुढे त्याचे कुळ त्याला वाचवू शकले नाही. फ्रान्सच्या राणीची आणि इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेची बदनामी केल्याबद्दल 1788 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली (तोवर त्याने ज्यू धर्म स्वीकारला होता), मुदत संपल्यावर जामीनदार न मिळाल्याने तो तुरुंगातच राहिला आणि 1793 मध्ये तेथेच तापाने वारला. झुकते माप शोधायचेच असेल, तर ते लंडनच्या लॉर्ड मेयरच्या (नगरप्रमुखाच्या) बाबतीत शोधावे : दंगल वेळीच न रोखल्याबद्दल तो दोषी ठरला खरा, पण लष्कराच्या गोळीबारात बळी पडलेल्या सुमारे 285 जणांच्या आणि नंतर फासावर गेलेल्या पंचवीसेक जणांच्या मानाने त्याचे फारसे काही बिघडले नाही.