महामारीत मजुरी वाढते की घटते?

तुमचा प्रश्न असा: महामारीत कामगारही कमी होतात आणि कामही, मग मजुरीचं काय होतं?

कामाचे तास घटतात हे नक्की. मजुरीचं मात्र आधी सांगता येत नाही, कारण कामगारांची मागणी आणि पुरवठा असे दोन्ही वक्र डावीकडे सरकतात, म्हणजे त्याच मजुरीला दोन्ही आधीपेक्षा कमी होतात. पुरवठा जास्त आटला तर मजुरी चढते, मागणी जास्त आटली तर उतरते. म्हणून मी तास आणि मजुरी एकत्र बघतो, तेही प्रत्येक क्षेत्राचे वेगळे. तास घटून मजुरी चढली असेल तर माणसं मिळत नाहीत. दोन्ही घटली असतील तर कामच नाही. 2020 मध्ये विमानसेवेत काम नव्हतं आणि त्याच महिन्यांत रुग्णालयांना परिचारिका पुरत नव्हत्या.

सगळ्यात जास्त फसवते ती सरासरी मजुरी. समजा, 40 जणांना तासाला 10 मिळतात आणि 60 जणांना 30. सरासरी 22. कमी पगाराच्या 40 पैकी 30 जणांची नोकरी गेली, की सरासरी थेट 27 वर जाते. पगारवाढ एकालाही नाही! एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत नेमकं हेच झालं: बेरोजगारी 14.7 टक्क्यांवर आणि सरासरी ताशी मजुरी वर. तेव्हा तीच माणसं, त्याच नोकरीत, आधी आणि नंतर किती कमावतात हे तपासा.

बेरोजगारीचा दरही अपुरा पडतो. काम शोधणं सोडलेला माणूस त्यात मोजलाच जात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगभरात 11.4 कोटी रोजगार बुडाले, त्यातले 8.1 कोटी लोक बेरोजगारांत न दिसता श्रमबाजारातूनच बाहेर पडले. शाळा बंद म्हणून मुलांजवळ थांबलेल्या आया, संसर्गाला घाबरलेले वयस्कर कामगार हे असेच निसटतात.

चौदाव्या शतकातल्या प्लेगचा दाखला इथे जपून द्यावा. तेव्हा कामाच्या वयाची माणसं प्रचंड संख्येने मेली, जमीन तेवढीच राहिली, म्हणून मजुरी चढली. इंग्लंडने 1349 आणि 1351 मध्ये ती कायद्याने रोखायचा प्रयत्न केला. कोविडचे बळी मुख्यतः वृद्ध होते, त्यामुळे पुरवठ्यातली बरीचशी घट तात्पुरती होती. ती किती लवकर भरून निघते हे कामगार-मालक नातं टिकलं का, यावर ठरतं. सरकारने पगाराचा वाटा उचलून माणूस हजेरीपटावर ठेवला, तर तो दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतो. काढून टाकला, तर जाहिरात, मुलाखत, प्रशिक्षण यांत महिने जातात.