'ने' : देणारा कोण, घेणारा कोण?

तुमचा प्रश्न असा : एखादा इवलासा शब्द दोन भाषांत दिसतो अगदी सारखा, पण अर्थ वेगळा, असं खरंच होतं का, आणि का होतं?

होतं. मी ते चार हजार रुपयांच्या फरकातून शिकले. शब्द एका अक्षराचा आहे : 'ने'.

मी पहिल्यांदा नोकरीला लागले ती मुंबईतल्या कापडाच्या एका घाऊक पेढीवर. शेठ गुजराती, हिशेब बघणारे मेहताजी गुजराती, मराठी मी एकटीच. गुजराती लिपी महिन्याभरात वाचता यायला लागली; डोक्यावरची रेघ नाही हे एकदा डोळ्यांना सवयीचं झालं की बरीचशी अक्षरं ओळखीचीच निघतात. दिवसभराच्या देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या गल्ल्यात पडायच्या आणि संध्याकाळी मी त्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या रोकडीच्या वहीत, उतरवायचे. एका संध्याकाळी शेठच्या हातची चिठ्ठी निघाली : 'टेम्पोवाळाने 2,000 आप्या.' 'आप्या' म्हणजे दिले, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. राहिलेल्या शब्दात विचारण्यासारखं काय होतं? टेम्पोवाल्याने दोन हजार दिले. भाड्यापोटी उचल घेतली असेल, त्यातली उरलेली परत केली असेल, असं धरून मी रक्कम जमेला लिहिली.

शिल्लक जुळेना. वहीपेक्षा पेटीत 4,000 कमी. नोटा दोनदा मोजल्या, बेरजा खालून वर केल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला. मेहताजी चष्मा पुसत म्हणाले, फरकाच्या निम्मी रक्कम शोध. नावे पडायची रक्कम जमेला पडली की फरक दुप्पट येतो, हे हिशेबनीसांचं जुनं ज्ञान. दोन हजारांची चिठ्ठी एकच होती. त्यांनी ती वाचली, वही बघितली आणि म्हणाले, "बेन, टेम्पोवाळाने एटले टेम्पोवाल्याला!"

गुजरातीतला हा 'ने' म्हणजे आपला 'ला'. 'मने' म्हणजे मला, 'टेम्पोवाळाने' म्हणजे टेम्पोवाल्याला. टेम्पोवाल्याने दिले असते तर शेठनी 'टेम्पोवाळाए' लिहिलं असतं. म्हणजे तेच अक्षर, नामाच्या शेवटी त्याच जागी, आणि मराठीत देणारा तो गुजरातीत घेणारा. मारवाडीतही 'राम नै' म्हणजे रामाला. हरियाणवीत तर एकच 'ने' कर्त्यालाही लागतो आणि 'ला'चंही काम करतो, आणि ऐकणारा बाकीच्या वाक्यावरून बरोबर ताडतो. हिंदीतला 'ने' आपल्या बाजूचा, पण अर्धाच : 'राम ने आम खाया' चालतं, मात्र सुरीने कापायचं झालं की तिथे 'चाकू से'. आणि मराठीत रामाला 'ने' लागला तरी मला लागत नाही. मी आंबा खाल्ला, हिंदीत 'मैंने'.

एवढ्यावर हे अक्षर थांबत नाही. गुजरातीत 'हुं ने तुं' म्हणजे मी नि तू, आणि 'आवो ने' म्हणजे या ना. आपल्याकडे 'हा डबा ने' म्हटलं की तो नेणे क्रियापदाचा हुकूम.

तुमच्या 'का होतं'चं उत्तर मला असं दिसतं. जे शब्द सगळ्यात जास्त वापरले जातात ते झिजून झिजून एका अक्षराचे होतात, आणि तोंडाला सोपी अशी अक्षरं जगात मोजकीच. मग नातं नसलेले शब्दही एकाच आवाजावर येऊन आदळतात. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो, विचारतो. 'ने'पाशी कोण थांबणार?

याचा मला माहीत असलेला सगळ्यात सुंदर नमुना तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहराच्या आसपासचा आहे. तिथे ग्रीस, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांच्या सीमा एकत्र येतात. नदी एकच, पण बल्गेरियात ती मरित्सा, ग्रीसमध्ये एव्रोस आणि तुर्कस्तानात मेरिच. आणि 'ने'? बल्गेरियनमध्ये 'ने' म्हणजे नाही. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. तुर्कीत 'ने?' म्हणजे काय? नाही, हो आणि काय, तिन्ही एका अक्षरात, काही किलोमीटरच्या टापूत. मान हलवून सांगावं म्हटलं तरी सुटका नाही, कारण बल्गेरियात 'हो' म्हणताना मान आडवी हलवायची रीत आहे. यातला बल्गेरियन 'ने' आपल्या 'न'चा लांबचा नातेवाईक. दोघंही इंडो-युरोपीय घराण्यातल्या त्याच जुन्या नकारातून आले. ग्रीक 'ने'चा त्या नकाराशी संबंध नाही, आणि तुर्की तर वेगळ्याच भाषाकुळातली. कोरियनमध्येही 'ने' म्हणजे हो. जपानीत वाक्याच्या शेवटी 'ने' येतो तो थेट आपल्या 'ना'सारखा : आज उकडतंय ना? आवाजही जवळ, कामही तेच, आणि नातं मात्र काहीच नाही.

म्हणून सारखा आवाज दिसला की लगेच एक मूळ शोधू नये, आणि आवाज वेगळा म्हणून नातं तोडूही नये. ही दुसरी गोष्ट मला आणखी महत्त्वाची वाटते. शाळेत विभक्तीचे प्रत्यय घोकताना तृतीयेला आपण 'ने, ए, शी' म्हणायचो. त्यातला 'ए' कुठे वापरतात हे मला शाळेत कधी कळलं नाही. तो 'ए' म्हणजेच मेहताजींच्या 'टेम्पोवाळाए'मधला 'ए'. संस्कृत 'देवेन'चं जुन्या मराठीत 'देवें' झालं. पुढे आपण 'देवाने' म्हणायला लागलो, गुजराती माणूस 'देवे'च म्हणत राहिला. आपल्याकडे तो 'ए' 'यांच्या हस्ते'सारख्या ठरीव शब्दांत उरलाय. पेढीवरच्या पावत्यांवर 'हस्ते' रोज लिहायचे, आणि तो शब्द मेहताजींना आणि मला कधी एकमेकांना समजावून सांगावा लागला नाही.

पुढे कधीतरी काम करता करता मी पसायदान गुणगुणत होते. 1290 सालची मराठी ती : 'आतां विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें.' मेहताजींनी मान वर केली आणि विचारलं, "देवे एटले देवाने ना?" माझ्या रोजच्या मराठीतला 'ने' आमच्यात चार हजारांचा गोंधळ घालून गेला होता. ज्ञानेश्वरांचं 'देवें' मात्र त्यांना न सांगता कळलं. मग त्यांनी 'वाग्यज्ञें'चा अर्थ विचारला, आणि मी पेन खाली ठेवून सगळं पसायदान पहिल्यापासून म्हटलं.