दाखल्याच्या अर्जावर सही करण्याआधी

"शाळा म्हणते, दाखला घेऊन जा. न्यावाच लागेल का हो, मॅडम?"

दिव्यांग मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न मला सतत येतो. सहामाहीचे निकाल लागले की जरा जास्तच. त्यातल्या एका आईची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा ८ वर्षांचा, तिसरीतला, स्वमग्न (ऑटिझम असलेला). वाचन छान, पाढे तोंडपाठ. पण तास संपल्याची घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरायचा. एकदा त्या गडबडीत शेजारच्या मुलाला त्याचा धक्का लागला, तो पडला, आणि मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतलं. बोलणं गोडच होतं. "त्याच्या भल्यासाठीच सांगतोय, विशेष शाळेत घाला. नाहीतर तुमच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत बसणारी मदतनीस, ठेवा." मग एक छापील कागद पुढे केला. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालकांनी करायचा अर्ज. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' हे आधीच लिहून ठेवलेलं. तिने दोन दिवसांची मुदत मागितली आणि तो कागद घेऊन माझ्याकडे आली.

मी तो कागदच बघत राहिले. त्यावरून पाहिलं तर शाळा मुलाला काढत नव्हती, आईच त्याला घेऊन चालली होती. शिक्षण हक्क कायदा २००९ ज्या शाळेला लागू आहे, तिला आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला काढून टाकता येत नाही. म्हणून तर अर्ज आईच्या हातचा हवा होता. एकदा सही झाली की पुढे तक्रार कोणाची आणि कशाची करणार? मी तिला आधी एवढंच सांगितलं, "आज कशावरही सही करू नका."

ती रडायला लागली. "पण त्यांनी त्याला आजवर सांभाळून घेतलंय हो. आता कायदा दाखवला तर राग पोरावर निघेल." ही भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणत नाही. मूल रोज सहा तास त्या माणसांच्या हाती असतं. पण ज्या शाळेने अर्ज पुढे केला, ती त्याला ठेवायला आधीच तयार नव्हती. गप्प राहून तिची मर्जी राखता येणार नव्हती.

बोलता बोलता कळलं की दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दीड वर्ष कपाटात पडून होतं. मुलावर शिक्का बसेल म्हणून शाळेला दाखवलंच नव्हतं. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण शिक्का कधीच बसला होता. 'मस्तीखोर', 'हाताबाहेर गेलेला'. त्या कार्डाने निदान त्याच्या अडचणीला खरं नाव तरी मिळालं असतं.

मग आम्ही दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ काढून बसलो. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. तिला मी दोनच कलमं वाचायला लावली. कलम १६ प्रमाणे भेदभाव न करता प्रवेश देणं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करणं हे शाळेचं काम आहे. हे फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांपुरतं नाही, मान्यताप्राप्त खासगी शाळाही त्यात येतात. शॅडो टीचरचा खर्च पालकांनी केला तरच मूल शाळेत राहील, अशी अट या कायद्यात कुठेही नाही. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. यातली निवड त्याची, म्हणजे त्या वयात आईवडिलांची. "निवड" या शब्दाखाली तिने पेनाने रेघ मारली.

विशेष शाळा वाईट असते असं मी म्हणत नाही. माझ्याकडे येणाऱ्या काही कुटुंबांनी ती विचारपूर्वक निवडली आणि मुलं तिथे फुलली. इथे मात्र कोणी काही निवडलंच नव्हतं.

पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, एका पानाचं. त्यात आरोप एकही नाही. मुलगा याच शाळेत शिकेल, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे, आणि त्याला हव्या असलेल्या सोयी अशा: घंटेपासून दूरची जागा, दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक बाकावर, गोंधळ वाढला की दहा मिनिटं शांत बसायला एक कोपरा. उत्तर लेखी द्यावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही, हे मी तिला तीनदा बजावलं. तोंडी बोललेलं कोणालाच आठवत नाही.

आठ दिवसांनी बैठक झाली. वडीलही आले. मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत." त्यांची अडचण खरी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं प्रमाण सांगितलं आहे. प्रत्यक्षात तिथे कोणीच नव्हतं. पण शिक्षक नाही, याचा अर्थ मूल नको असा होत नाही. गटसाधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र) समावेशित शिक्षणाच्या विशेष तज्ज्ञांना बोलावता येईल, हे वडिलांनी सुचवलं आणि शाळेने ते मान्य केलं. नसतं केलं तर आधी गटशिक्षणाधिकारी, आणि पुढे पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त, हा रस्ता त्यांना माहीत होता. अशा तक्रारींची चौकशी करताना आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका शिक्षिकेने चित्रांचं वेळापत्रक महिनाभर कपाटातून काढलंच नाही. घंटेची अजूनही भीती वाटते, पण आता तो बाकाखाली शिरत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतो आणि आपला आपण परत येतो.

परवा त्या आईने मला एक अर्ज पाठवला, वार्षिक परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून. कलम १७ चा उल्लेख, प्रमाणपत्राची प्रत, पोच मिळावी ही विनंती, सगळं तिचं तिने लिहिलेलं. फक्त तारीख घालायची राहिली होती, तेवढं मी सांगितलं.