झो, रोटी आणि नांगर: स्क्रॅबलवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, मुलगा न्यू जर्सीहून दिवाळीला आला होता, तेव्हा आम्ही स्क्रॅबल, तो बोर्डवर अक्षरांच्या टाइल लावून शब्द करायचा खेळ, खेळलो. मी झेड आणि ओ लावून झो केलं, झेड ट्रिपल लेटरवर, म्हणजे अक्षराचे पॉइंट तिप्पट होतात त्या घरावर. तो म्हणाला असा शब्दच नाही. त्याच्या मोबाइलवरच्या यादीत खरंच नव्हता आणि माझ्या पुस्तकात होता. त्यावरून इतकं वाजलं की बोर्ड तसाच आवरून ठेवला. बरोबर कोण?
एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुम्ही पण बरोबर आणि तो पण बरोबर, आणि भांडण नेमकं त्यामुळेच झालं. इंग्लिश स्क्रॅबलच्या याद्या दोन आहेत, अमेरिकेत वेगळी चालते आणि आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये कॉलिन्स या डिक्शनरीवाल्या प्रकाशकांची चालते. दोन अक्षरी शब्दच बघा, कॉलिन्सच्या 2019च्या यादीत 127 आहेत आणि अमेरिकेच्या 2018च्या यादीत 107. तुमचा झो त्या वरच्या वीसमधला. झो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं जनावर. तुमच्या मुलाने तिकडची यादी उघडली, तुम्ही इकडची, आणि दोघांना वाटलं की समोरचा उगाच अडून बसलाय.

याद्या बदलतात पण, हे लक्षात ठेवा. क्यू आणि आय मिळून जो ची होतो, चिनी लोकांची ती प्राणशक्ती, तो अमेरिकेत 2006 पासून चालायला लागला. त्याआधी क्यू हातात आला की बहुतेक वेळा यू शोधत बसायचं. आणि ओके, जे आपण दिवसातून शंभर वेळा म्हणतो, ते अमेरिकेत 2018ला आणि कॉलिन्समध्ये 2019ला आलं. म्हणजे घरात पंधरा वर्षं जुनी डिक्शनरी असेल तर तिच्या हिशोबाने ओके चुकीचं.

आता पुढच्या वेळी टाइल पिशवीत टाकायच्या आधी दोन गोष्टी बोलून घ्या. एक, यादी कुठली. दुसरी, चॅलेंज, म्हणजे समोरच्याच्या शब्दावर हरकत, कसा. अमेरिकेत तुम्ही चॅलेंज केला आणि शब्द बरोबर निघाला तर तुमची पाळी जाते, म्हणून तिथे लोक खोटा शब्द पण ठणकावून लावतात, समोरचा घाबरून गप्प बसतो. इतर ठिकाणी कुठे 5 पॉइंट दंड असतो, कुठे चॅलेंज फुकट. घरी खेळताना मला फुकटवाला बरा वाटतो, शिकणाऱ्याला विचारायची भीती वाटायला नको. फक्त एक पाळा, पुढच्याने आपला शब्द लावला की मागचा शब्द पक्का, मग तो चुकीचा असला तरी उकरून काढायचा नाही.

प्रश्न: मी बारावीला आहे, माझं इंग्लिश चांगलं आहे, मोठे मोठे शब्द येतात. पण आत्या मला दर वेळी शंभर पॉइंटने हरवते आणि तिला तिच्या निम्म्या शब्दांचा अर्थ पण माहीत नसतो. हे चीटिंग नाही का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही रे बाबा. नायजेल रिचर्ड्स नावाचा न्यूझीलंडचा खेळाडू आहे, इंग्लिशमध्ये पाच वेळा विश्वविजेता झालेला. 2015ला त्याने फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद जिंकलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं, नुसती यादी पाठ केली होती. 2024ला स्पॅनिशमध्ये पण जिंकला. अर्थ माहीत असणं चांगलंच, मला स्वतःला प्रत्येक नवीन शब्दाचा अर्थ बघितल्याशिवाय चैन पडत नाही, पण नियमात ती अट नाही.

तुझी आत्या काय करते ते हा बोर्ड सांगेल तुला. समज बोर्डवर आडवा रोटी आहे, आर-ओ-टी-आय, हो, आपली रोटी चालते, तसं लाख, क्रोर, तूपवालं घी, घाट, धोती सगळं दोन्ही याद्यांत चालतं. तर आत्याकडे एक्स, आय आणि एस आहे. ती रोटीच्या बरोबर खालच्या ओळीत ओ, टी, आय यांच्या खाली एक्स, आय, एस ठेवते. आडवा शब्द झाला झाइज, म्हणजे झाय या ग्रीक अक्षराचं अनेकवचन. आणि उभे बघ, ओच्या खाली एक्स म्हणजे ऑक्स, टीच्या खाली आय म्हणजे टी, संगीतातला सूर, आयच्या खाली एस म्हणजे इज. आडव्याचे 10, उभ्यांचे 9, 2 आणि 2, झाले 23, ते पण पॉइंट वाढवणारं एकही रंगीत घर न लागता, तीन टाइलमध्ये. तू तेवढ्यात सहा अक्षरी सुंदर शब्द लावून 11 घेतलेस आणि वर तिला ट्रिपल वर्डचं, म्हणजे अख्ख्या शब्दाचे पॉइंट तिप्पट करणारं घर मोकळं करून दिलंस. तुझे पॉइंट तिथेच जातात.

तर आधी दोन अक्षरी शब्द पाठ कर, आठवडाभराचं काम आहे, सगळे 127. दुसरं म्हणजे रॅकवर, आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर, काय शिल्लक ठेवतोस ते बघ, किती मिळाले एवढंच बघू नकोस. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं आली तर रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज असे कितीतरी शब्द होतात आणि सातही टाइल एकदम लावल्या की 50 बोनस. म्हणून क्यू, व्ही, दोन दोन यू असली अडगळ आधी काढायची आणि ही अक्षरं जपायची. पिशवीत सात तरी टाइल असतील तर पाळी सोडून टाइल बदलता येतात, त्यात कमीपणा मानू नकोस. एस मात्र जपून वापर, 100 टाइलमध्ये फक्त 4 एस आहेत. ज्याने हा खेळ काढला तो आल्फ्रेड बट्स आर्किटेक्ट होता, मंदीत नोकरी गेलेली, त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून किती टाइल ठेवायच्या ते ठरवलं आणि एस मुद्दाम कमी ठेवले, नाहीतर प्रत्येक शब्दाला एस चिकटवून खेळ संपला असता.

प्रश्न: देशांची नावं चालत नाहीत ना, मग चायना आणि जपान कसे चालतात?
एक वाचक, सातारा

उत्तर: ते देश म्हणून नाही चालत. चायना म्हणजे चिनी मातीची भांडी आणि जपान म्हणजे काळं चकचकीत वॉर्निश. तसंच टर्की पक्षी आणि जर्सी अंगातली.

प्रश्न: आम्ही पुठ्ठ्याच्या मराठी टाइल बनवल्या, एका टाइलवर एक व्यंजन, काना मात्रा वेलांटी मनातल्या मनात धरायची. बोर्डवर नांगर होता, सासूबाईंनी त्याच्या नां वरून उभा नांव लावला. नणंद म्हणाली नांव नाही, नाव. सासूबाईंनी टाइल उचलल्या आणि परत खेळायलाच बसल्या नाहीत. काय करू?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: हे पत्र वाचून मला फार वाईट वाटलं कारण सासूबाई चुकलेल्या नव्हत्या. त्या शिकल्या तेव्हा नांव असंच लिहायचे. मोल्सवर्थच्या 1857च्या मराठी-इंग्लिश कोशात नांव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी, दोन वेगळे शब्द आहेत. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, म्हणून नणंदेला शाळेत नाव शिकवलं. दोघी आपापल्या शाळेचं बोलत होत्या.

त्या डावाचे पॉइंट सासूबाईंना द्या, कारण कोश आधी ठरला नव्हता आणि न ठरवलेल्या नियमाने कुणाचा शब्द काढता येत नाही. हे त्यांना जाऊन सांगा, आणि मोल्सवर्थ त्यांच्यासमोर उघडून तो शब्द दाखवा.

पुढच्या डावापासून माझ्या मते 1962चे नियम धरा, कवि नाही कवी, गुरु नाही गुरू, पण ‘आणि’ हा शब्द मात्र ह्रस्वच. आणि तुमची खरी अडचण वेगळी आहे, मराठीत दोन शब्द एकमेकांना छेदतात त्या घरात काय धरायचं? कमळच्या क वरून मका जातो का? मनातल्या मनात काना धरला तर जातो, पण मग सगळंच कशावरूनही जायला लागतं आणि दर पाळीला वाद. आमच्या घरी छेदाच्या घरात अख्खं अक्षर तेच लागतं, कान्यासकट, अनुस्वारासकट. त्यामुळे कमळच्या म वरून मटण चालतं, मका कमळच्या क वरून चालत नाही. जोडाक्षराला एका घरात दोन टाइल एकावर एक ठेवतो आणि दोन्हींचे पॉइंट धरतो, मुलं मग मुद्दाम जोडाक्षरं शोधतात.

या नियमाने नांगरवरून नांव पुढच्या वेळी जाणार नाही, पण नांदी जाईल, नांदणं जाईल. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, आणि पहिली पाळी त्यांना द्या.