फिजिक्सनंतर थेट पीएचडी, की आधी कॉम्प्युटरचं मास्टर्स?

न्यू जर्सीहून एका आईने विचारलंय: मुलगा फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पीएचडीचं म्हणतोय. बाबा म्हणतात, आधी कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स कर, नोकरी धर, मग काय हवं ते कर. मुलगा अजून एच-४ वर, म्हणजे पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. काय करावं?

ताई, आधी त्याची जन्मतारीख बघा. एकविसावं पूर्ण झालं की एच-४ संपतो. एफ-१ चं, म्हणजे स्टुडंट व्हिसाचं काम सुरू झालं नसेल, तर करिअरची चर्चा राहू द्या आणि आज इमिग्रेशन वकिलाला गाठा. नोकरीचा मार्गही त्यातूनच जातो: एफ-१ वर पदवी मिळवली तर १२ महिन्यांची ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी), आणि फिजिक्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) येत असल्याने पुढे २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते.

आता पैसे. पीएचडी म्हणजे आणखी पाच-सहा वर्षांची फी, असं बाबांनी धरलेलं दिसतंय. अमेरिकेत फिजिक्सच्या पीएचडीला सहसा फी माफ असते, शिवाय शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधन मिळतं. एकट्याचं भागतं, शिल्लक फारशी पडत नाही. आधी मास्टर्स असायलाच हवं असंही नाही, बी.एस. नंतर थेट प्रवेश होतो. खिशाला चाट बसते ती बहुधा मास्टर्सला! फिजिक्सची पीएचडी पदरमोड करून करावी लागत असेल, तर ती जागा सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मानधन मिळतं म्हणून मात्र कोणी पीएचडीला जाऊ नये. चांगले ग्रेड मिळतात म्हणूनही नाही. परीक्षेतल्या गणिताला उत्तर असतं. लॅबमध्ये महिनाभर उपकरण जुळवूनही हाती काहीच लागत नाही, असं सर्रास होतं. त्या महिन्यानंतरही त्याला सोमवारी लॅबमध्ये जावंसं वाटतं का, हे त्याला स्वतःला कळायला हवं. त्यासाठी उन्हाळ्यात संशोधन करून बघावं. एनएसएफ या सरकारी संस्थेचे आरईयू, म्हणजे पदवीच्या मुलांसाठीचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात, तेव्हा त्याने आपल्याच डिपार्टमेंटमध्ये विचारावं. एच-४ वर पगारी काम चालत नाही, पण क्रेडिटसाठी संशोधन करता येतं.

लॅब नको वाटली तरी कोडिंग हाच एक रस्ता उरत नाही. मेडिकल फिजिक्स आपल्या घरांत फारसं कोणी सुचवत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन किती आणि नेमकं कुठे द्यायचं, याचं गणित आणि यंत्रांची तपासणी ही माणसं करतात. साधारण दोन वर्षांचं मास्टर्स, मग दोन वर्षांची रेसिडेन्सी आणि बोर्डाची परीक्षा. कोर्स कॅम्पेप-मान्य हवा (मेडिकल फिजिक्सच्या कोर्सना मान्यता देणारी ही संस्था), नाहीतर रेसिडेन्सी मिळणं अवघड. रेसिडेन्सीच्या जागाही मोजक्या असतात, हे आधीच ऐकून ठेवा.

बाबांचा पर्याय वाईट नाही, फक्त घाईचा आहे. प्रोग्रामिंग आणि स्टॅटिस्टिक्सचे दोन-तीन विषय याच पदवीत घेतले, तरी नोकरीचं दार उघडं राहतं.

पीएचडीचे अर्ज साधारण डिसेंबरात जातात आणि बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात. नुसत्या वर्गातल्या ओळखीवर दमदार पत्र मिळत नाही, म्हणून प्रोफेसरांना याच सत्रात भेटायला हवं. त्याने स्वतः भेटायचं; बाबांनी ईमेल लिहून द्यायची नाही.